ताईच्या चवथीचं पाकीट

गोव्यातल्या पर्वरीहून एका आईने विचारलं आहे. नवरा-बायको दोघंही नोकरीला, मुलगी अडीच वर्षांची. तिला सांभाळायला सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यातून एक ताई गेले १६ महिने येते, सकाळी नऊ ते संध्याकाळी साडेसहा. पगार १४,००० रुपये. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, तीन आठवड्यांवर आली आहे. नवरा म्हणतो, साडी आणि दोन हजार पुरे. सासूबाई म्हणतात, ती घरचीच आहे, घरच्या माणसाला पैशात कसलं मोजायचं, एखादी छानशी वस्तू द्या. पुण्याची नणंद तिच्याकडच्या बाईला पूर्ण महिन्याचा पगार देते. कुणाचं ऐकावं?

नणंदेचं ऐका. एक महिन्याचा पगार, म्हणजे १४,००० रुपये, आणि तेही याच आठवड्यात. वस्तू द्यायची असेल तर ती त्यावर, त्यातून कापून नव्हे.

मी स्वतः पणजीत एका घरी ६ वर्षं मूल सांभाळलं. त्यानंतरची १९ वर्षं बायकांना घरं आणि घरांना बायका मिळवून देण्याचं काम करते आहे. हा प्रश्न दरवर्षी श्रावण लागला की सुरू होतो, आणि विचारणाऱ्या बहुतेक आया मनाने चांगल्या असतात. अडचण असते ती मोजायचं कशाने याची.

एक महिना हा आकडा कुठून आला ते आधी सांगते, म्हणजे घरात बोलताना तुम्हाला आधार होईल. १९६५ च्या बोनस कायद्यात कामगाराचा किमान बोनस पुढे वर्षाच्या वेतनाच्या ८.३३ टक्के झाला, आणि २०१९ च्या वेतन संहितेतही तो तेवढाच ठेवला. ८.३३ टक्के म्हणजे बारावा हिस्सा, एका महिन्याचा पगार. तुमच्या ताईचं वर्षाचं वेतन १,६८,००० रुपये, त्याचा बारावा हिस्सा बरोबर १४,०००. हा नियम साधारण २० किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या आस्थापनांना लागू होतो, तुमच्या घराला नाही. पण तुम्ही दोघं नोकरी करता. तुमचा स्वतःचा बोनस आला नाही तर तुम्ही ऑफिसात जाऊन विचाराल. तिला विचारायला कुणी नाही, म्हणून ते तुम्हीच ठरवून ठेवायचं.

वर्ष पुरं झालं नसेल तर जितके महिने, तितके बारावे हिस्से. पाच महिने झालेली बाई असती तर ५,८३३ रुपये होतात, ते वरच्या बाजूला ६,००० करून द्यायचे. अर्धा दिवस येणारीलाही हाच हिशेब, तिच्या पगाराच्या मापाने. यात कुठे घासाघीस करावी असं काही नाही, म्हणून मला हा हिशेब आवडतो. दर चवथीला मनाचा अंदाज घेत बसावं लागत नाही, आणि तिलाही यंदा काय मिळणार हे आधीच ठाऊक असतं. तिच्यासारख्या घरात हे आधी ठाऊक असणं फार मोलाचं असतं.

आता सासूबाईंचं म्हणणं. "घरचीच आहे" हे त्या प्रेमानेच म्हणत असणार, त्याबद्दल मला शंका नाही. पण मी सहा वर्षं कुणाच्या तरी घरची होते, म्हणून सांगते. घरची म्हटलं की मागायला जीभ उचलत नाही. उशीर झाला तर बोलता येत नाही, बोनस कमी वाटला तर तोंड उघडता येत नाही, कारण घरच्या माणसाने हिशेब करायचा नसतो. तिला घरची माना, जेवायला आपल्यासोबत बसवा, मुलीला तिला मावशी म्हणायला शिकवा. आणि पैसे मात्र पैशासारखे, मोजून, वेळेवर द्या. त्या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत.

वेळेवर हा शब्द मी जरा ठासून सांगते, कारण मला स्वतःला तो लागलेला आहे. माझं ते पहिलं घर. माणसं सज्जन होती. पहिल्याच वर्षी बाईंनी मला पाकीट दिलं, आत पगाराएवढे पैसे होते. पण दिलं ते तयेच्या, म्हणजे चवथीच्या आदल्या दिवसाच्या, संध्याकाळी, सात वाजता, उंबऱ्यात. मी धावत बसस्टँडवर गेले आणि डिचोलीला उतरले तेव्हा बाजार उठला होता. रस्त्यावर केळीची पानं तुडवलेली, एक बाई गोणपाट घडी करत होती. तिच्याकडे दोन चिबूड उरले होते, त्यातला एक फुटलेला. सुपारीचं शिपटं, म्हणजे घड, नाही, आंबाडे नाहीत, तोरिंगं नाहीत. शेजाऱ्यांनी त्यांच्या माटोळीतलं, म्हणजे गणपतीवर टांगतात त्या फळापानांच्या चौकटीतलं, अर्धं शिपटं तोडून आम्हाला दिलं म्हणून आमची माटोळी भरली. पाकीट तसंच डब्यात राहिलं आणि चवथ झाल्यावर दुकानदाराची उधारी भागवायला गेलं. त्या बाईंनी तेवढेच पैसे पंधरा दिवस आधी दिले असते, तर आमची चवथ वेगळी झाली असती. त्यांना हे कधी कळलंही नाही.

चवथीचा खर्च चवथीच्या आधी असतो. मूर्ती आधी सांगायची, घराला रंग आधी काढायचा, नारळ-गूळ-रवा आधी भरायचा, पोरांचे कपडे आधी शिवायला टाकायचे. आणि घरातली मुलगी त्या वर्षी लग्न होऊन गेली असेल तर पहिल्या चवथीचं वजें! पुण्याच्या नणंदेला कदाचित हे माहीत नसेल, पण तुम्हाला माहीत आहे की करंज्या, लाडू, फळं भरून ते सासरी पोचवायचं म्हणजे काय खर्च असतो. सिंधुदुर्गात गौरीचा ओवसा असतो, तोही तसाच. तुमच्या ताईला लग्नाची मुलगी आहे का, हे १६ महिन्यांत तुम्हाला कळलं असेलच. नसेल तर आज विचारा.

तुमची ताई दोडामार्गची, म्हणून तिची चवथ. सगळ्यांचं तसं नसतं. बोनस द्यायचा तो तिच्या सणाला, आपल्या नव्हे. सासष्टीची किंवा बार्देशची ख्रिस्ती बाई असेल तर तिचा मोठा सण नाताळ. तिला ३ डिसेंबरच्या जुन्या गोव्याच्या फेस्ताच्या सुमारास पैसे मिळाले, की दोदोल-नेवऱ्या अशा गोडधोडाचं सामान आणि पोरांचे नवे कपडे तिला निवांत करता येतात. २४ डिसेंबरला दिलेलं पाकीट हे तयेच्या संध्याकाळच्या पाकिटासारखंच. उत्तर कर्नाटकातून आलेल्या बायका नागपंचमीला, दसऱ्याला गावी जायला बघतात. मुसलमान बाई असेल तर ईदच्या आधी, रमजान अर्धा उलटायच्या सुमारास. कामाला ठेवतानाच विचारून घ्यावं: ताई, तुमचा मोठा सण कुठला? मी हल्ली पहिल्या दिवशीच हे दोन्हीकडच्यांना विचारते.

पैसे कसे द्यायचे, तेही तिलाच विचारा, आणि एकटीला विचारा. गेल्या काही वर्षांत मोबाईलवरून पाठवायची सवय झाली आहे. पण पुष्कळ बायकांचा पगार मुलाच्या नाहीतर नवऱ्याच्या फोनवर जातो, आणि तिथेच राहतो. माझ्याकडच्या एका बाईला चवथीचे बारा हजार आले हे तिला चवथ उलटून गेल्यावर कळलं. तोपर्यंत घरात नवा साउंड बॉक्स आला होता. तिने मला हे सांगितलं ते रडत नव्हे, अगदी शांतपणे, भाजी निवडता निवडता. मला अजून ते आठवतं. काही बायका म्हणतात अर्धे हातात द्या, अर्धे पोस्टात नाहीतर बँकेत माझ्या खात्यात टाका. ती म्हणेल तसं करा. पाकिटावर "चवथीचा बोनस" आणि रक्कम लिहा, म्हणजे पगार कुठला नि हे कुठलं यात गोंधळ नको.

आणि उचल. जूनमध्ये कौलं परतायला तिने तुमच्याकडून दहा हजार घेतले असतील आणि महिन्याला हजार कापले जात असतील, तर ते तसेच कापत राहा. चवथीच्या पैशातून उचल वळती करू नका. ती स्वतःहून म्हणाली तर गोष्ट वेगळी.

हे पैशाचं झालं. आता वस्तूकडे येऊ, कारण तुमच्या यजमानांची साडी मधे राहिली आहे.

साडी वाईट नाही. पण मी एकदा पेडण्याच्या बाजूला एका ताईच्या घरी गेले होते, तेव्हा तिने पत्र्याची ट्रंक उघडून दाखवली. आत अकरा साड्या, सगळ्या चवथीच्या नाहीतर दिवाळीच्या. एकही पिशवीतून काढलेली नाही, घडीवर दुकानाची चिठ्ठी तशीच. "बाय, ब्लाउज शिवायचे साडेतीनशे, फॉल-बीडिंगचे वेगळे. आणि मी साडी नेसते कधी? पोराच्या मागे धावायला ड्रेसच बरा." त्यातल्या दोन साड्या तिने भाचीच्या लग्नात आहेराला फिरवल्या होत्या. देणाऱ्या घरांनी पैसे खर्चले होते, वेळ घालवला होता, आणि तिला हवी होती ती एक सुती साडी त्या अकरात नव्हती. तेव्हा साडी द्यायची तर तिला दुकानात घेऊन जा, रंग तिला निवडू दे, आणि शिलाईचे पैसे सोबत द्या. चवथीच्या तोंडावर शिंपी घेत नाहीत, म्हणून हेही आधीच.

वस्तूची माझी एकच कसोटी आहे: ती वस्तू तुमच्या घरच्या कामाला येते का? येत असेल तर ती भेट नव्हे. तुम्हाला दुपारी व्हिडिओवर मुलगी बघता यावी म्हणून दिलेला फोन, कामावर घालायचा ॲप्रन, मुलीला बागेत न्यायला छत्री, हे सगळं जरूर द्या, पण कुठल्याही मंगळवारी द्या, सणाला नको. ऑफिसात मिळालेला मिठाईचा पुडाही तसाच. तो खायला द्या, भेट म्हणून देऊ नका. तिला कळतं. पुड्यावरचं कंपनीचं नाव ती वाचते.

मला आठवते ती सगळ्यात चांगली भेट एका चष्म्याची होती. ताईचं वय अठ्ठेचाळीस. बाळाला ताप होता, आणि औषधाच्या टोपणावरची पाच मिलीची रेघ ती टोपण खिडकीकडे लांब धरून, डोळे बारीक करून शोधत होती. आईने ते बघितलं. औषधाची काळजी म्हणून तिने तिला डोळे तपासायला नेलं, आणि तो खर्च घराचा म्हणून केला. तो करायलाच हवा होता. पण चवथीला त्यांनी तिला दुसरा चष्मा करून दिला, तिच्या आवडीच्या फ्रेमचा, घरी ठेवायला. पुढच्या आठवड्यात ती स्वतः ओवलेला अबोलीचा वळेसर माळून आली. गेली चार वर्षं सुईत दोरा जात नाही म्हणून तिने फुलं ओवणंच सोडलं होतं, आणि हे कुणाला माहीत नव्हतं. त्या घरातल्या आईने मला फोन करून सांगितलं तेव्हा तिचा आवाज भरून आला होता.

अशा गोष्टी बघितल्याशिवाय सापडत नाहीत. तिच्या चपलेचा अंगठा दोनदा शिवलेला आहे का, डबा गळतो म्हणून ती तो वर्तमानपत्रात गुंडाळते का, पावसात तिची पिशवी भिजते का. दिवसाचे साडेनऊ तास ती तुमच्या मुलीकडे बघते. आठवडाभर तुम्ही तिच्याकडे बघा. काहीच सुचलं नाही तर मुलीसोबतचा तिचा एक चांगला फोटो मोठा करून, फ्रेम करून द्या. तो मी घराघरांत भिंतीवर लावलेला बघितला आहे, देवाच्या फोटोच्या शेजारी, मूल मोठं होऊन परदेशी गेल्यावरसुद्धा. आणि चवथीलाच सगळं द्यायला हवं असंही नाही. मे महिन्यात पुरुमेंताचा, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीचा, खर्च असतो: तांदूळ, सोलां, मिरच्या, सुकं मासळं. तेव्हा दिलेली तांदळाची पिशवी तिला साडीपेक्षा जास्त उपयोगी पडते.

अजून एक, याला भेट म्हणा की काय म्हणा. बँकेत तिच्या खात्यावर दोन विमे सुरू करून देता येतात. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत २ लाखांचं अपघाती संरक्षण मिळतं, वय १८ ते ७०. जीवन ज्योती विमा योजनेत पूर्ण वर्षाचा हप्ता ४३६ रुपये, प्रवेशाचं वय १८ ते ५०, आणि मृत्यू कशानेही झाला तरी वारसाला २ लाख. हप्ता दरवर्षी मेच्या अखेरीस खात्यातून आपोआप जातो, म्हणून तेव्हा तेवढी शिल्लक लागते. त्या वेळी तुम्ही ५०० रुपये टाकून ठेवायचे. ऑगस्ट २०२१ पासून ई-श्रमची नोंदणीही आहे, घरकाम करणाऱ्या बायकांना ती करता येते, वय १६ ते ५९. तिची धाकटी मुलगी दहा वर्षांच्या आतली असेल तर पोस्टात सुकन्या समृद्धीचं खातं उघडता येतं, वर्षाला किमान २५० रुपये भरून. यातलं काहीही बोनसच्या बदल्यात नको. आणि फॉर्म हातात देऊन सोडू नका. एक शनिवार काढून तिच्यासोबत खिडकीवर उभे राहा. ती अर्धा दिवस बुडवून एकटी गेली तर एखाद्या झेरॉक्ससाठी परत पाठवली जाईल, आणि ते काम तिथेच राहील.

आता सुट्टी. माझ्या मते बोनसच्या खालोखाल हीच, आणि याच बाबतीत चांगली घरंसुद्धा चुकतात. चवथीला पणजी-पर्वरीतले फ्लॅट बंद होतात आणि माणसं आपापल्या मूळ घराकडे जातात. तिथे पंचवीस-तीस माणसं, धावपळ, रडणारं मूल. मग आई म्हणते, ताई, दोन दिवस आमच्यासोबत चला ना. ती नाही म्हणत नाही. आणि तिच्या घरचा गणपती तिची सून नाहीतर म्हातारी सासू बघते. मीही एका चवथीला अशी गेले होते. मुलाला मांडीवर घेऊन त्यांच्या घरची आरती ऐकली, आणि आमच्या घरी आता आरती सुरू झाली असेल हे डोक्यातून जात नव्हतं. तेव्हा पहिली गोष्ट, तिला नेऊ नका. तिचा गणपती दीड दिवसाचा की पाच, सात, की अकरा, हे विचारा, आणि तयेला दुपारी बारापर्यंत तिला मोकळं करा. सुट्टी पगारी. त्या दिवसांत "मुलीचा तो निळा फ्रॉक कुठे ठेवलाय" म्हणून फोन नको. अकरा दिवस तुम्हाला झेपत नसतील तर आजच सांगा आणि मिळून तारखा ठरवा, तिथे ती नक्की समजून घेईल. अगदीच नाइलाज असेल, घरात कुणी आजारी असेल, तर दिवसाचा दुप्पट पगार आणि नंतर तेवढीच सुट्टी, हे आधी बोलून.

पाकीट तुम्ही द्या, दोघांनी मिळून. वस्तू मुलीच्या हातून द्या. अडीच वर्षांची मुलगी ती नीट देणार नाही, स्वतःच फोडायला बसेल. बसू दे. आणि बहुतेक ताईही मुलीसाठी काहीतरी घेऊन येईल. फ्रॉक, बांगड्या, असं काही. "कशाला खर्च केलात" म्हणू नका, ते तिला लागतं. रंग भडक असेल, कापड टोचणारं असेल, तरी आत मऊ बनियन घालून तो फ्रॉक मुलीला एकदा तरी घाला आणि फोटो तिला पाठवा. चवथीला पाठवायचा एकच मेसेज असेल तर तो हा.

बाकीचं थोडक्यात. झाडू-फरशीला तासभर येणाऱ्या बाईलाही तोच बाराव्या हिश्शाचा नियम. २,५०० पगार असेल तर २,५००. दोघींना वेगवेगळं, एकमेकींच्या समोर नको. ताई कुणा एजन्सीकडून आली असेल तर एजन्सीला दिलेल्या पैशात सहसा तिचा बोनस नसतो. वर्षाची पगारवाढ वेगळी. तुमच्या ताईला १६ महिने झाले आहेत, आणि पगार अजून पहिल्या दिवसाचाच असेल तर तोही या महिन्यात वाढवा. ती मधेच काम सोडून गेली तर झालेल्या महिन्यांचा हिस्सा जाताना द्या, भांडण झालं असलं तरी. आणि कधी तुमचीच ओढाताण असेल, कुणाची नोकरी गेली असेल, तर महिनाभर आधी तिला बसवून सांगा: यंदा अर्धाच जमेल. साडीच्या पिशवीत ती कमतरता लपवू नका. माझ्या इतक्या वर्षांत खरं सांगणाऱ्या घरातून बाई त्या कारणाने निघून गेल्याचं मी बघितलेलं नाही.

तुमची ताई दोडामार्गला जाताना म्हापशाला बस बदलत असणार. या गुरुवारी पैसे दिलेत तर चवथीच्या आधीचे सगळे शुक्रवारचे बाजार तिच्या हातात राहतात. त्यातल्या एका शुक्रवारी तिला साडेसहाऐवजी चार वाजता सोडा, आणि त्या दिवशी तुमच्यापैकी कुणीतरी लवकर घरी या.